रुमालराव

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी जात एसटीतच संपली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं बंगळुरात येऊन रुमालरावांना भेटावं. मूळचे पुण्याचे, मुक्काम मल्लेश्वरम, पेशा संशोधन. सामायिक महासंगणकावरचे चार जीपीयू, म्हणजे आकडेमोडीच्या चिपा, कायम यांच्या नावावर. एक चालतो, उरलेल्या तिघांपुढे पडद्यावर 'वापर ० टक्के'. विचारलं तर म्हणतात, "असू देत हो. उद्या लागले म्हणजे?"

२०२२ साली इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत 'परम प्रवेग' हा महासंगणक बसला. ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला तेहतिसावर चौदा शून्यं इतकी आकडेमोड. रुमालराव ही हकीकत घरच्या कार्यासारखी सांगतात. "परम काढणारं सी-डॅक कुठलं? पुण्याचं! १९९१ला भटकरांनी परम ८००० काढला तो कुठे? पुण्यात!" मुद्दा एवढाच की, परम आमच्याकडचा, तेव्हा रांगेत आम्ही पुढे.

रांग लावणारा स्लर्म नावाचा प्रोग्राम मात्र गाव विचारत नाही. अलीकडे कुणी किती वापरलं याचा हिशेब ठेवतो आणि ताव मारणाऱ्याला मागे ढकलतो. मोठ्या जॉबसाठी जागा जमवताना मधे फट राहिली, तर तिच्यात छोटे जॉब सरकवतो. त्यासाठी लागणारा वेळ तेवढा बेताचा लिहावा लागतो. घोडं अडतं ते इथे. दोन तासांच्या कामाला रुमालराव चोवीस तास लिहितात, वर मेमरीही दुप्पट मागतात. मग जॉब 'पेंडिंग'. दर पाच मिनिटांनी रांग पाहायची, आणि पुढच्याचं नाव वाचून "हा बघा, चार नोड अडवून बसलाय" म्हणून हळहळायचं. ही हळहळ अगदी मनापासून असते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

ते कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवतातही. पहिला धडा हस्तलिखित आकडे ओळखण्याचा: अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस ठिपक्यांची ६०,००० चित्रं. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत उरकणारं काम. पण अख्ख्या वर्गाला यांचा हुकूम, "प्रत्येकानं जीपीयू घ्या, सवय हवी." पाचाचा आकडा पाच आहे हे ठरेपर्यंत कुणाचा तरी पावसाचा अंदाज रांगेत ताटकळतो.

परवा त्यांच्याच वर्गातल्या सोलापूरच्या मुलीनं एक जीपीयू, दीड तास, एवढंच मागितलं. फट होती, जॉब सरकला; रुमालराव सीटीआर हॉटेलच्या गर्दीत ताटकळून डोसा खाऊन येईपर्यंत संपलासुद्धा. त्यांचा स्वतःचा तेव्हा तिसऱ्या दिवशीही पेंडिंगच. त्यांनी तडक व्यवस्थापकांना मेल धाडला: "इथे वशिला चालतो, हे बरं नाही. आणि चालणारच असेल, तर तो कुणाकडे लावायचा तेवढं कळवावं."