परीक्षकसाहेब, वाचू नका!

प्रति,
सन्माननीय परीक्षकसाहेब (सर्व विषय),
मूल्यमापन केंद्र, कर्नाटक अथवा महाराष्ट्र (वाद 2004 पासून सुप्रीम कोर्टात)

विषय : न वाचल्याबद्दल आभार.

सा. न. वि. वि.

निपाणीत माझं झेरॉक्स, डीटीपी आणि स्पायरल बाइंडिंगचं दुकान आहे. देवचंद कॉलेज गावाला अगदी खेटून, अर्जुननगरात. पण अर्जुननगर पडलं कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. त्यामुळे तिथली पोरं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची आणि गावातल्या कॉलेजांतली पोरं बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची. हे दुसरं विद्यापीठ 2010 सालचं. त्याआधी इकडचे पेपर धारवाडच्या विद्यापीठाचे असत. राज्यं दोन, विद्यापीठं दोन, कुलगुरू दोन. काउंटर मात्र एक, माझा. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटो, प्रोजेक्टच्या बाबतीत हा भाग कधीच अखंड झालेला आहे.

सबमिशनची तारीख जवळ आली की काउंटरवर कोपर टेकून पोरगं हळूच विचारतं, "काका, एखादा तयार आहे काय?" असतोच. व्यसनाधीनता, महिला सक्षमीकरण आणि तंबाखू व्यवसाय हे तीन विषय आमच्याकडे बारमाही. मुखपृष्ठावरचं नाव बदलायचं, रोल नंबर बदलायचा, मार्गदर्शकांचं नाव घालायचं. आभाराच्या पानाला कुणी हात लावत नाही. आई-वडिलांचं अनमोल सहकार्य सगळ्यांना सारखंच मिळालेलं असतं. एका गिऱ्हाइकाला मी सांगितलं, बाबा, आत प्रमाणपत्रावर गेल्या वर्षीच्या पोराचं नाव आहे, ते पान बदलून घे. पानामागे पैसे पडतात म्हणून त्यानं नको म्हटलं. त्याला 25 पैकी 22 मिळाले. कुठल्या विद्यापीठाचा, ते विचारू नका. गिऱ्हाइकाचं गुपित धंद्यात फोडायचं नसतं.

तर साहेब, माझं घर आपल्या या विश्वासावर चाललं आहे. आपण प्रोजेक्ट हातात घेता, वजनाचा अंदाज घेता, आलेख रंगीत आहेत का बघता आणि शेवटच्या पानावर सही करता. मध्ये काय आहे, याची उगाच चौकशी करत नाही. एवढी सभ्यता आजकाल बँकेतसुद्धा उरलेली नाही.

मध्यंतरी मात्र एका मुलीनं माझी झोप उडवली होती. हातानं लिहिलेली 11 पानं टाइप करायला घेऊन आली. विषय तोच, तंबाखू. पण हिची आजी वखारीत कामाला होती आणि ही चक्क आजीला विचारून आली होती. आजी सांगते, तोंडाला पदर बांधून बसायचं, तरी रातच्याला भाकरीला तंबाखूचाच वास. तंबाखू चाळून झाली की आधी खोकला यायचा, मग पगार. 1981 साली शेतकऱ्यांनी हायवे अडवला आणि 6 एप्रिलला गोळीबार झाला, त्या दिवशी वखारीतल्या बाया कुठल्या बोळानं घरी पळाल्या, तेही त्यात होतं. टाइप करता करता मी दोनदा थांबलो. धंद्याच्या वेळेत असं होणं बरं नव्हे.

आपण मला सावरलंत. प्रोजेक्ट परत आला तेव्हा 'रातच्याला'भोवती लाल गोल होता, 'बोळ'खाली रेघ होती आणि शेरा होता : पाने कमी, संदर्भसूची नाही. गुण 11. पानाला एक याप्रमाणे हिशेब चोख. आमच्या गावच्या महादेव मोरेंनी पिठाची गिरणी चालवता चालवता याच बोलीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. 2024 मध्ये ते गेले, तेव्हा सीमाभागातला मोठा लेखक गेला असं सगळ्यांनी म्हटलं. 'ग्रामीण साहित्यातील बोलीचे सौंदर्य स्पष्ट करा' हा प्रश्न आपणच काढता, त्याला 10 गुण ठेवता. आणि पोरीनं स्पष्ट न करता ते सौंदर्य नुसतंच लिहिलं तर गोल करता. नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी त्या मुलीचा भाऊ आला. त्यानं वेळ घालवला नाही. "काका, एखादा तयार आहे काय?" त्याला 64 पानी दिला. तिची 11 पानं अजून माझ्या कॉम्प्युटरवर पडून आहेत. ती खपत नाहीत, कारण त्यात नाव बदलून भागत नाही.

आपल्याला दोष देण्याचा हेतू नाही. एम.एड.चे प्रबंध माझ्या मशिनखालून जातात, त्यातून थोडंफार डोक्यात राहतं. 1961 साली अमेरिकेत डीडरिश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या पोरांचे 300 निबंध 53 जणांकडून तपासून घेतले. त्यात मास्तर होते, वकील होते, संपादक होते, व्यापारी होते. श्रेणी ठेवल्या होत्या नऊ. 300 पैकी 94 टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या. पाचपेक्षा कमी श्रेणींत एकही निबंध बसला नाही. म्हणजे एकच निबंध कुणाला उत्तम वाटला, कुणाला टाकाऊ. आणि या लोकांनी तर वाचलं होतं! वाचून एवढा घोळ होणार असेल, तर न वाचता सरसकट 18 देणं हाच खरा सामाजिक न्याय.

शिवाय आपली अडचण मला कळते. आपल्यातले कितीतरी जण इकडे गेस्ट लेक्चरर, तिकडे तासिका तत्त्वावर. समोर गठ्ठा, मागे बसची वेळ, आणि पेपरामागे मिळणारं मानधन चहाबरोबर वडा घ्यावा की नाही याचा विचार करायला लावणारं. 2017 साली मुंबई विद्यापीठानं पेपर पडद्यावर तपासायला घेतले, निकाल लांबले आणि कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तारीख चुकली तर खुर्ची जाते. निबंध वाचला नाही म्हणून कुणाची खुर्ची गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

यूजीसीनं 2018 साली नियम काढला की 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, 60 च्या वर गेलं तर प्रबंधाची नोंदणीच रद्द. तेव्हा मी घाबरलो होतो. पण यंत्र फक्त मोजतं, विचारत नाही. शब्द इकडचे तिकडे केले की टक्का खाली येतो. पुढे चॅटजीपीटी आलं. वाटलं, आता दुकान बसलं. तर हुकूम निघाला, असाइनमेंट हातानं लिहून आणा! पोरं मोबाइल उभा ठेवून त्यातलं वहीत उतरवतात आणि माझ्याकडून फाइलचे कागद नेतात. शिक्षणाचा दर्जा सांगता येणार नाही, अक्षर मात्र सुधारलं आहे.

एकच भीती उरली आहे. आपल्यातला एखादा तरुण मास्तर व्हायव्हाला पोराला समोर बसवून दोन प्रश्न विचारायचा : कुणाशी बोललास? ती काय म्हणाली? याला सॉफ्टवेअर लागत नाही, बजेट लागत नाही, दोन मिनिटं पुरतात. आणि वर त्यानं पानाच्या कडेला 'हे पुढे सांग, इथे का थांबलीस?' एवढं लिहिलं, तर संपलंच. एकदा कुणी वाचतं आहे असा वास पोरांना लागला की ती घरी जाऊन आज्यांना विचारायला लागतील. मग मी काय नुसत्या आधारकार्डांच्या झेरॉक्स काढत बसू?

तेव्हा हात जोडून विनंती, असल्या मास्तराला वेळीच दुसऱ्या कामाला लावा. निवडणुकीची ड्यूटी द्या, नॅकच्या फायली द्या. आमच्या पोटावर पाय येऊ देऊ नका.

आपला कृपाभिलाषी,
एक झेरॉक्सवाला, निपाणी

ता. क. : व्हायव्हाच्या दिवशी दुकान सकाळी सातला उघडतं. आपल्या टीए-डीए बिलाची झेरॉक्स फुकट काढून मिळेल.