मा. हमीभाव यांस, मुक्काम कृषी भवन

प्रति,
मा. श्री. किमान आधारभूत किंमत ऊर्फ हमीभावसाहेब,
कृषी भवन, नवी दिल्ली.

साहेब,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मे 2025 च्या अखेरीस तुम्हाला बढती मिळाल्याचं पेपरात वाचलं. मका 2,400 रुपये क्विंटल, बाजरी 2,775, संकरित ज्वारी 3,699, मालदांडी 3,749. एकट्या मक्याला 175 रुपयांची वाढ. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर सगळ्यांचे फोटो होते, फक्त तुमचा नव्हता. आम्ही मात्र पेढे वाटले नाहीत. पेढ्याला हमीभाव नसतो, तरी तो कधी पडल्याचं ऐकलेलं नाही.

अभिनंदन उशिरा करतोय, कारण बाजारात गाठ पडेल तेव्हा समोरासमोरच करू असं मनात होतं. ऑक्टोबरात मका घेऊन बाजार समितीत गेलो. तुमचं नाव फलकावर होतं, तुम्ही नव्हता. लग्नपत्रिकेत ठळक अक्षरांत छापलेला प्रमुख पाहुणा मांडवात कुठे दिसू नये, तसं झालं.

लिलाव कसा होतो ते तुम्हाला दिल्लीत कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. ट्रॉली रांगेत लावायची. व्यापारी येतो, कोपरभर हात आत घालून तळातले दाणे काढतो, कारण वरचे दाणे शेतकऱ्याने दाखवायला ठेवलेले असतात हे त्याला ठाऊक असतं (आणि असतातच, खोटं कशाला बोलू). एक दाणा दाताखाली धरून फोडतो. कट्‌ असा आवाज आला तर माल कोरडा, दाणा नुसताच चेपला तर संपलं. मग मीटरची डबी भरतात. तुमच्या नियमात मक्याला 14 टक्के ओलावा चालतो. माझा आकडा त्याच्या बराच वर निघाला. निघणारच. सप्टेंबरभर पाऊस कोसळत होता, कापून ठेवलेल्या कणसांना ढिगातच कोंब फुटले होते. ताडपत्री पसरायची, दाणे उन्हात घालायचे, ढग आले की पुन्हा गोळा करायचे, असं घरातल्या सगळ्यांनी करून पाहिलं. ऊन तेवढं आमच्या हातात नव्हतं.

बोली दीड हजाराशी येऊन थांबली. मी धीर करून तुमचं नाव घेतलं. व्यापारी हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "भाऊ, ते सरकारचं झालं. आपलं बोला."

त्याचा राग नाही. त्याला माल पुढे कोंबडीखाद्यवाल्याला नाहीतर स्टार्चच्या कारखान्याला द्यायचा. तिकडून जो भाव निघतो त्यातून गाडीभाडं, हमाली, वाळवणीतली घट वजा करून उरेल ते तो मला देतो. साखळीत प्रत्येकाने आपलं काढून घ्यायचं आणि शेवटी जी वजाबाकी उरेल तिला शेतकऱ्याचा भाव म्हणायचं, ही रीत तुमच्या जन्माआधीपासूनची आहे. ती मोडायला तुम्ही आलात असं आम्हाला वाटलं होतं, इतकंच.

आता हिशेब. तोही माझा नको, तुमचाच घेऊ, म्हणजे शेतकरी रडतो असं कुणी म्हणायला नको. तुमच्या कागदावर एक क्विंटल मका पिकवायला 1,508 रुपये लागतात. त्यावर 59 टक्के चढवून तुम्ही 2,400 झालात. म्हणजे दीड हजाराने विकणारा शेतकरी तुमच्याच आकड्याने क्विंटलमागे आठ रुपयांनी बुडाला. समजा, एकरी 20 क्विंटल पिकला. तुमच्या दराने 48 हजार, बाजाराच्या दराने 30 हजार. मधले 18 हजार कुणाच्या खिशात गेले हे मी विचारत नाही. ते कधी निर्माणच झाले नाहीत. फक्त जाहीर झाले.

बरं, हे 1,508 तरी कुठून आले? बी-बियाणं, खत, औषध, मजुरी, भाड्याचा ट्रॅक्टर हे रोख खर्च, अधिक घरच्या माणसांच्या कष्टाचं मोल. हे मोल धरता, उपकार आहेत. पण माझ्या स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि माझ्याच स्थिर भांडवलावरचं व्याज या हिशेबात नाही. तो सगळा खर्च धरणारा दुसरा हिशेब कृषिमूल्य आयोगाकडेच असतो, त्याला सी-2 म्हणतात. शेतकरी संघटना वर्षानुवर्षं तोच धरा म्हणून ओरडतायत. त्यावर 50 टक्के चढवले तर तुम्हाला ओळखणं कठीण जाईल, म्हणूनच बहुधा तो कपाटात राहतो. शेजारच्याने तीच जमीन खंडाने केली असती तर मला खंड मिळाला असता. मी स्वतः कसतो म्हणून ती फुकट!

शिवाय तुम्ही सरासरी माणूस. देशभराची सरासरी. गव्हाचं बघा. 2026-27 च्या हंगामाला 2,585 रुपये जाहीर झाले, खर्च धरला 1,239, म्हणजे दुपटीच्याही वर. वाचून आमच्या विहिरीला पाझर फुटायचा बाकी होता. पण पंजाबात सिंचनाच्या पाण्यावर हेक्टरी जेवढा गहू निघतो, त्याच्या निम्माही महाराष्ट्रात सरासरीने निघत नाही. खर्च हेक्टरवर होतो आणि वाटला जातो क्विंटलवर. क्विंटल कमी, तर प्रत्येकाच्या डोक्यावर खर्च जास्त. हे शाळकरी गणित आहे, पण सरासरीला शाळेत जावं लागत नाही.

ज्वारीबद्दल तर काय बोलावं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. 2023 हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, ज्वारी-बाजरीला श्री अन्न म्हणू लागले, मोठ्या पाहुण्यांच्या ताटात भाकरी गेली. रानात मात्र पीक मोडायला माणूस मिळत नाही. मालदांडी हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, आणि हुरड्यापासून पाखरांची राखण वेगळी. सोलापूरकडचा कुठलाही म्हातारा सांगेल, ज्वारी टिकलीय ती कडब्यावर. दावणीला जनावर आहे आणि कडबा शेकड्याने विकत घेणं परवडत नाही, म्हणून ज्वारी पेरायची. दाणे ओघानेच येतात. आणि कडब्याला तुम्ही नाही, साहेब. पिकाच्या ज्या भागावर संसार चालतो, नेमका तोच तुमच्या यादीबाहेर.

"मग खरेदी केंद्रावर का नाही गेलात?" असं तुम्ही विचाराल. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, ई-पीक पाहणी, ऑनलाइन नोंदणी, मग मोबाइलवर निरोप येईपर्यंत वाट. निरोप येईतो दिवाळी जाते, रब्बीच्या पेरणीला बी आणि खत उधार घ्यावं लागतं, आणि घरात मका ठेवायला जागा नसते. 2015 साली शांताकुमार समितीने लिहून ठेवलंय की देशात सहा टक्केच शेतकऱ्यांना तुमचा लाभ मिळतो. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णवांनी तुम्हाला फक्त पेपरात पाहिलंय. मी बहुमतात आहे. लोकशाहीत एवढंही समाधान पुष्कळ.

एकदा राज्य सरकारने तुम्हाला पोलीस संरक्षणही देऊन पाहिलं. ऑगस्ट 2018 ची गोष्ट. तुमच्याखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि 50 हजार दंड, असं ठरलं. व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद केली. पडेल भावाने विकायचा तो माल आता कुठल्याच भावाने विकला जाईना. काही दिवसांत खुलासे आले, प्रकरण निवलं, आणि तुम्ही पुन्हा फलकावर जाऊन बसलात.

पण माझी खरी तक्रार तुम्ही खाली येत नाही ही नाहीच. तुम्ही वर बरोबर येता, ही आहे.

2022 आठवा. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, जगभर गहू महागला. तुम्ही 2,015 रुपयांवर होता आणि बाजार तुमच्या डोक्यावरून गेला. आयुष्यात एकदा तुमची गरज भासली नाही. 13 मे रोजी निर्यात बंद झाली. रात्री झोपताना दार उघडं होतं, सकाळी कुलूप. पुढच्या वर्षी जूनमध्ये व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा आली, नोव्हेंबरात 27 रुपये 50 पैसे किलोने सरकारी पीठ बाजारात आलं. शहरातल्या गृहिणीला स्वस्त पीठ मिळालं, त्याबद्दल माझी ना नाही, तिचंही घर आहे. पण भाव पडला की "बाजार आहे, त्यात सरकार काय करणार" आणि भाव चढला की त्याच सरकारकडे कुलूप, किल्ली, पीठ, गोदाम सगळं तयार! मक्याला तुमचा आधार नाही, पण गव्हाला तुमचा धाक आहे. पडताना झेलायचं काम तुमच्याकडे दिलंय असं आम्ही समजत होतो. दिसतं ते असं की तुम्हाला चढण्यावर लक्ष ठेवायला नेमलंय.

मक्याचंही तेच. इथेनॉलला मका लागणार म्हणून सांगितलं. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली तेव्हा मक्याला खरोखर बरे दिवस आले. शेतकऱ्याला इशारा कळतो, पेरा वाढला. मग जानेवारी 2025 मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलवाल्यांना 2,250 रुपये क्विंटलने द्यायचं ठरलं. आधी त्याचाच दर 2,800 होता. 2,250 ला तांदूळ मिळत असेल तर 2,400 चा मका कोण घेईल? भाव पाडायला परका माणूस लागला नाही, साहेब, तुमच्याच कोठारातून पोतं निघालं.

तुमचे धाकटे बंधू पीकविमा यांचीही आठवण झाली. ते एक रुपयात यायचे. 2025 च्या खरिपापासून आम्ही दोन टक्के हप्ता भरू लागलो, आणि त्यांनी जबाबदाऱ्या कमी केल्या. मधल्या काळातली आपत्ती, एखाद्याच्या शेतातलं स्थानिक नुकसान, काढणीनंतर भिजलेलं पीक, हे सगळं बाद. भरपाई त्या वर्षी फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे पुन्हा महसूल मंडळाच्या सरासरीवर. नेमक्या त्याच वर्षी मराठवाड्यात आणि सोलापुरात नद्या शेतात शिरल्या आणि कापलेला माल ढिगात कुजला. वेळ साधणं हा तुमच्या घराण्याचा गुणच दिसतो.

शेतमाल तारण योजना आहे, हे मला माहीत आहे. गोदामात माल ठेवा, पिकानुसार किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. फक्त गोदामात माल कोरडा लागतो, गोदाम जवळ लागतं, आणि सहा महिन्यांनी भाव चढेल असा भरवसा लागतो. तो चढू लागला की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वर्षी बढती नको. मक्याला 2,400 च राहू द्या, वाटल्यास शंभर रुपये कमी करा. पण जो काही आकडा असेल, त्या आकड्याने दाणे मोजून घेणारा एक माणूस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याला बसवा. त्याच्याजवळ काटा असावा, दाणे वाळवायचं यंत्र असावं, आणि पैसे त्याच आठवड्यात खात्यावर जावेत. आणि बाजार तुमच्या वर गेला, तर तेवढे दिवस कृपा करून रजेवर जा. आम्ही तुमची चौकशी करणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मका उत्पादक
(सातबाऱ्यावर नाव आहे, पोर्टलवर अजून दिसत नाही)

ता. क. : खरेदी केंद्र सुरू झाल्याचं आजच कळलं, पण बारदान संपलंय म्हणे. येणार असाल तर पोती सोबत आणा.