वेलचीचे भोक्ते

खरवईच्या एमआयडीसीत पाळी सुटली की टपरीवर गर्दी होते. डोक्यावर पुड्यांच्या माळा लटकलेल्या, टपरीवाला कात्रीनं एकेक कापून देतो. दिवसभर रसायनांच्या पिंपांशी झटलेला कामगार नुसत्या वासावरून सांगेल, कुठलं पिंप गळतंय. पुडीचा वास मात्र तो घेत नाही. पुडीत काय आहे, याची खात्री मुंबईतल्या एका नटानं करून ठेवलेली असते.

नट सांगतात काय, तर वेलची! राज्यात २०१२पासून गुटखाबंदी. पडद्यावर मात्र सगळे गुटख्याच्याच नावाची वेलची चघळतात, तेही अशा रुबाबात की घरच्या खिरीला न्यूनगंड यावा. अक्षय कुमारनं २०२२मध्ये चाहत्यांची माफी मागून अशी जाहिरात सोडली. करार संपेपर्यंत ती कदाचित दिसत राहील, हेही त्यानं तेव्हाच सांगून टाकलं. (पश्चात्तापालाही नोटीस पिरियड असतो.)

आता विश्वास कुणावर ठेवायचा? डॉक्टर आ करायला लावतो, फी घेतो आणि वर ओरडतो. नट लहानपणापासून घरात येतोय, हसतोय, उसने पैसे एकदाही मागितलेले नाहीत. सख्ख्या मेहुण्यापेक्षा तो जवळचा वाटला, तर खरवईकराचं काय चुकलं?

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्याला पहिल्या खेपेला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बड्या नटाचं एका जाहिरातीचं मानधन कोटींत असतं.