कॅमेऱ्याची चिकित्सा आणि लोककल्याण

मनुष्याने आजवर जे जे उद्योग आरंभिले, त्यांत आरंभ न केल्यानेच कीर्ती वाढते असा उद्योग आमच्या माहितीत एकच आहे, व तो म्हणजे व्लॉग करण्यासाठी कॅमेरा निवडणे हा होय. ग्रंथ लिहू म्हणणाऱ्याकडे प्रकाशक दोन वर्षांनी तरी हस्तलिखिताचा तगादा लावतो. परंतु ज्याने व्लॉग करण्याचा संकल्प केला आहे आणि जो तूर्त ‘कोणता कॅमेरा घ्यावा’ या प्रश्नाच्या अभ्यासात निमग्न आहे, त्यास कोणी जाब विचारीत नाही. उलट लग्नाच्या पंगतीत चार मंडळी त्याच्याभोवती जमून सेन्सर, लेन्स व ऑटोफोकस यांविषयी त्याचा अभिप्राय घेतात, आणि जो स्वतः कॅमेरा न घेता दुसऱ्यास घ्यावयास लावतो त्याला तज्ज्ञ म्हणावे, असा शिरस्ता आता समाजात रूढ झाला आहे.

आमच्या शेजारच्या चिरंजीवांचेच पाहा. सह्याद्रीतील किल्ले आणि त्या किल्ल्यांच्या वाटेवरील मिसळ यांचे यथार्थ दर्शन जगास घडवावे, या उदात्त हेतूने त्यांनी या विषयाचा व्यासंग सुरू केला, आणि आज त्यांच्यापाशी जे दफ्तर जमले आहे ते पाहून पेशव्यांच्या फडावरचा कारकूनही तोंडात बोट घालील. खिशात मावणारे किती, लेन्स बदलता येणारे किती, हेल्मेटवर बसणारे किती, दांड्यावर मान फिरवणारे किती, अशी खातेवार नोंद असून प्रत्येक कॅमेऱ्यासमोर गुण, दोष व शेरा असे तीन रकाने आखलेले आहेत. पैकी शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘थांबावे’ एवढाच मजकूर आहे. मुंबईच्या कोटातील बोराबाजारात कॅमेऱ्यांचे दुकानदार त्यांना दुरून ओळखतात, आणि चहा मागवीत नाहीत.

‘थांबावे’ या शेऱ्याची थट्टा करण्याचा मोह कित्येकांना होतो. परंतु काळाने आजवर कौल दिला आहे तो थांबणाऱ्याच्याच बाजूने. प्रत्यक्ष सरकारनेच १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणून, ज्यांनी त्याआधी उतावीळपणे खरेदी केली त्यांना दहा टक्क्यांचा दंड ठोठावला व ज्यांनी काहीच केले नाही त्यांचा गौरव केला. कंपन्यांचे धोरणही हेच आहे. सोनीने व्लॉग करणाऱ्यांसाठी म्हणून झेडव्ही-१ हा छोटा कॅमेरा २०२० मध्ये आणला. पुढल्याच वर्षी लेन्स बदलता येणारा झेडव्ही-ई१० आला. २०२२, २०२३ आणि २०२४ ही वर्षेही त्या घराण्यात नवीन पाळणा हलल्यावाचून गेली नाहीत. जो प्रतिवर्षी पुढील वर्षाची वाट पाहतो त्याला प्रतिवर्षी अधिक चांगला कॅमेरा न घेण्याची संधी मिळते, आणि हे सौभाग्य घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

शिवाय यातील प्रत्येक अवताराने आधीच्या अवताराचे दोष चव्हाट्यावर मांडले, ही गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पहिल्या झेडव्ही-१ मध्ये लेन्सचा आवाका २४ मिलिमीटरपासून सुरू होई, आणि चालताना चित्र हलू नये म्हणून स्थिरीकरणाची सोय चालू केली की यंत्र चित्राच्या चारही कडा कातरून घेई. परिणामी खर्चाच्या बाबतीत एरवी आखडता असणारा आमचा हात या कामी पुरता लांबवला, तरी पडद्यावर वक्त्याच्या मुखकमलाखेरीज दुसरे काही मावेनासे झाले. तीन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तोच आवाका १८ मिलिमीटरपासून सुरू झाला व चेहऱ्याच्या आजूबाजूस थोडेसे जगही दिसू लागले. मधली तीन वर्षे ज्यांनी केवळ चेहऱ्यावर काढली, त्यांच्या प्रेक्षकांची आम्हांस मनापासून कीव येते.

अर्थात आजूबाजूचे जग दिसू लागले म्हणजे ते पुसण्याचा उपाय हवाच. ‘बॅकग्राउंड ब्लर’ नामक जी एक सिद्धी सांप्रत तरुण वर्गाला मोक्षाहून प्रिय झाली आहे, तिचे मर्म असे की, सेन्सर जितका मोठा आणि लेन्सचे छिद्र जितके विस्तृत, तितकी माणसामागची सृष्टी विरघळून जाते व एकटा माणूस तेवढा लख्ख उरतो. मोबाइलच्या चिमुकल्या सेन्सरला ही गोष्ट स्वभावतः साधत नाही. त्यात मागचा बुरूज, बुरुजावरील गवत व गवतातली शेळी ही सारीच बिचारी स्पष्ट दिसत राहतात. म्हणून ३६ बाय २४ मिलिमीटरचा ‘फुल फ्रेम’ सेन्सर घ्यावयाचा, त्यावर लाखाच्या घरात जाणारी लेन्स चढवावयाची, ते सारे ओझे पाठीवर घेऊन रायगडाच्या हजारावर पायऱ्या धापा टाकीत चढावयाच्या, आणि महादरवाजासमोर उभे राहून, ज्या रायगडाचे दर्शन घडवण्यासाठी हा अट्टहास केला तो रायगडच तेवढा धुक्यात बुडवून टाकावयाचा! एवढ्या मेहनतीने गड कोणी घेतल्याचे इतिहासात पुष्कळ दाखले आहेत. एवढ्या मेहनतीने तो अदृश्य केल्याचा दाखला मात्र आमच्याच पिढीने निर्माण केला. झेडव्ही-१ मध्ये तर या कामासाठी एक स्वतंत्र बटणच दिलेले आहे, म्हणजे इतिहास पुसण्यास आता बोटाचे एक पेर पुरते.

त्याच कॅमेऱ्यातील दुसरी एक सोय मात्र आम्हांस अत्यंत न्यायबुद्धीची वाटते. वक्त्याने बोलता बोलता एखादी वस्तू, समजा तेलाची बाटली, लेन्सपुढे धरली की यंत्र तत्काळ वक्त्याच्या चेहऱ्यावरील लक्ष काढून बाटलीवर स्थिर करते. बोलणाऱ्यापेक्षा बाटलीत अधिक अर्थ आहे, हे ओळखणारा यंत्रातील हा पहिलाच रसिक म्हटला पाहिजे.

मापांच्या बाबतीत मात्र या धंद्यात बरेच औदार्य चालते. ‘एक इंची सेन्सर’ अशी ज्याची दवंडी पिटली जाते, तो पट्टी लावून मोजला तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो, व कर्णाने धरला तरी सोळा मिलिमीटरच्या आसपासच थांबतो. इंचाचे उरलेले मिलिमीटर कोणत्या खात्यात जमा झाले, याचा शोध घेता असे आढळते की, जुन्या काळी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांत चित्र टिपणारी जी काचेची नळी असे तिचा बाहेरचा व्यास मोजण्याची चाल होती, आणि नळी इतिहासजमा झाली तरी तिची मापे वारसाहक्काने पुढे चालू राहिली. कापडाच्या व्यापाऱ्याने याच हिशेबाने वार मोजला असता तर मामलेदाराने त्याला कचेरीत खेचले असते. चिरंजीवांना हे समजले तेव्हा त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘पुनर्मोजणी करावी’ अशी भर घातली व त्या प्रकरणात एक पावसाळा गेला.

त्याहूनही सुरस कथा २९ मिनिटे ५९ सेकंदांची आहे. कित्येक वर्षे पुष्कळ कॅमेऱ्यांत एका दमात अर्धा तास चित्रण करू म्हटले की एक सेकंद आधी यंत्र आपोआप बंद पडे. युरोपातील जकातीच्या दस्तुराप्रमाणे सलग अर्धा तास वा अधिक चित्रण करणारे यंत्र ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरून त्यावर जादा कर बसे, तो चुकवण्याकरिता कंपन्यांनी त्या यंत्राला एका सेकंदाचा संयम शिकवला. याचा परिणाम असा की, ब्रुसेल्सच्या जकातीपायी इकडे एखाद्या आजीबाईंच्या उकडीच्या मोदकाची शेवटची कळी चिमटावयाची राहून जाई. अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा उरलेली नाही, आणि अर्ध्या तासाने का होईना वक्ता थांबण्याची जी कायदेशीर हमी होती, तीही तिच्याबरोबर नाहीशी झाली.

रंगांचे प्रकरण आम्ही थोडक्यात आटोपतो. जाणते लोक ‘लॉग’ पद्धतीने चित्रण करतात, म्हणजे चित्रातील सारा तजेला आधी काढून त्याला राखाडी कळा आणतात, व मग घरी बसून तोच तजेला तासन् तास परिश्रम करून परत घालतात. साधी आठ बिटांची पद्धत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा ओळखते, तर दहा बिटांची १०२४. सबब दहा बिटांवाचून मिसळीच्या तर्रीला न्याय मिळणे अशक्य, असा निर्वाळा देण्यात येतो. अशा थाटाचे ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने साठवले तर तासाला ४५ जीबी जागा खाते. मग ते संगणकात शिजते, यूट्यूबवर चढताना पुन्हा दाबले-आवळले जाते, आणि अखेरीस संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असलेला गृहस्थ, डेटा संपत आल्यामुळे, तीच तर्री ४८० ओळींच्या चित्रात पाहतो व मुलुंड येताच पुढे सरकवतो.

आवाजाचा प्रश्न या साऱ्या दफ्तरात कोठेच आढळत नाही. वास्तविक चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक सहन करतो, परंतु शब्द ऐकू येईना की तो एका क्षणात निघून जातो. आणि एक छोटासा माइक कॉलरला लावला तर काम भागते, हे या क्षेत्रात काम करणारे कित्येकजण सांगून थकले. झेडव्ही-१ बरोबर वाऱ्याचा घोंघाट अडवण्यासाठी केसाळ टोपीसुद्धा पेटीतच दिलेली असते. पण टोपीचा तक्ता करता येत नाही, तिची आवृत्ती दरवर्षी निघत नाही व तिच्याविषयी पंगतीत कोणी अभिप्राय विचारीत नाही. तेव्हा बालेकिल्ल्यावर उभे राहून चिरंजीव उद्या जे सांगतील त्यातील बहुतेक भाग वाराच सांगणार, हे आम्ही गृहीत धरतो. कदाचित तो अधिक माहितगारही असेल.

येथे कोणी पूर्वसूरींचे दाखले देऊन आम्हांस गप्प करू पाहील, म्हणून त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे पाहिली, विलायतेहून कॅमेरा मागवला, आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर दोन मल्लांची कुस्ती चित्रित करून मोकळे झाले. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले, आणि चाचणी म्हणून कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याचा वेल कसा वाढतो ते थोडे थोडे टिपून त्यांनी चित्रपट केला; पुढल्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कमालच केली: विकत घेण्याजोगा कॅमेरा नाही म्हणून त्यांनी तो स्वतःच घडवला. या सर्व थोर पुरुषांविषयी आदर बाळगूनही आम्हांस नमूद करावेसे वाटते की, त्यांची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. त्यांच्यापुढे निवडच नव्हती. एकच यंत्र मिळाल्यावर, किंवा एकही न मिळाल्यावर, मनुष्य काम न करील तर काय करील? फाळक्यांच्या हाती सतरा कंपन्यांचे तुलनात्मक तक्ते पडते, तर वाटाण्याचा वेल मांडवावर जाऊन वाळला असता आणि हरिश्चंद्राचा राज्यत्याग आजही विचाराधीन असता.

यूट्यूबचा आरंभ तर याहून लाजिरवाणा आहे. त्या स्थळावर २३ एप्रिल २००५ रोजी चढलेले पहिले चलच्चित्र एकोणीस सेकंदांचे असून, त्यात संस्थापकांपैकी जावेद करीम हे सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून त्यांच्या सोंडा फार लांब आहेत एवढेच सांगतात व थांबतात. चित्र अंधुक, रंग फिके, पार्श्वभूमी विरघळलेली नाही, हत्ती चक्क दिसतात. चिरंजीवांनी ते पाहून खेदाने मान हलवली.

‘खिशात फोन आहे ना, मग त्यावरच करा सुरुवात’ असे म्हणणारा एक उथळ पक्ष सर्वत्र आढळतो. त्या पक्षाला आपल्या सल्ल्याच्या परिणामांची जाणीव नाही. फोनने चित्रण करता येते हे एकदा मान्य केले, की चिरंजीव आणि त्यांचे व्लॉग यांच्यामध्ये दुसरी कोणतीही तटबंदी उरत नाही. मग ‘नमस्कार मंडळी’ म्हणून त्यांना प्रारंभ करावा लागेल, आणि मंडळींना काय सांगावयाचे हा जो प्रश्न कॅमेऱ्याच्या आड इतकी वर्षे सुखाने झोपला आहे तो जागा होईल. त्याचे उत्तर दफ्तराच्या कोणत्याही रकान्यात नाही. आठवड्याला एक या बेताने धरले तरी वर्षाला बावन्न व्लॉग होतात, आणि ते पाहण्याचा, आवडल्याचे कळवण्याचा व बेल आयकॉन दाबण्याचा बोजा शेजारधर्माने प्रथम आमच्यावरच पडणार.

सबब वाचकांस नम्र विनंती की, आपल्या घरी, आळीत वा कचेरीत कोणी कॅमेरा निवडीत असल्यास त्यास कृपा करून घाई करू नये. आणि तो निर्णयाच्या जवळ पोहोचला आहे, दुकानात जाण्यासाठी पायांत वहाणा सरकवीत आहे, असे दिसताच दिवाळीला नवीन मॉडेल येत असल्याचे त्याच्या कानावर घालावे. ते बहुधा खरेही ठरेल.