शेवग्याची फांदी आणि देवाची योजना

आज सकाळी मावशींनी मला रंगेहाथ पकडलं बघ. राहुरीत आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे, आणि त्यांच्या शेवग्याची निम्मी फांदी आमच्या अंगणात. मी चार शेंगा ओढते न ओढते तोच पलीकडून आवाज, "तोड, तोड. देवानंच वाकवलीय ती तुझ्याकडं!"

म्हटलं, आज स्वारी रागात दिसतेय. पण राग माझ्यावर नव्हता, नातवावर होता. भरतीचा फॉर्म भरायला दोन दिवस उरलेत आणि पठ्ठ्या मोबाइल घेऊन खाटेवर आडवा. वर म्हणतो, "आजी, देवाच्या योजनेत असेल तर लागेल नोकरी." रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी रोमकरांस पत्राचा नववा अध्याय घेतला होता, कुंभाराचा आणि मातीचा. मातीनं कुंभाराला जाब विचारू नये, एवढंच ह्याच्या नेमकं ध्यानात राहिलं!

मी विचारलं, "पण मावशी, सगळं आधीच ठरलेलं असतं, असंच आहे ना तुमच्यात?"

झालं! मावशींनी सूप खाली ठेवलं. "आमची मंडळी जुन्या अमेरिकन मिशनची. ते लोक १८३१ साली नगरला आले. कॅल्विनच्या वळणाचे. कोण तरणार हे देवानं आधीच नेमलंय, अशी त्यांची शिकवण. आता मला सांग, सगळं नेमलेलंच होतं तर महिनोन् महिने बोटीत हाल काढत इथवर आले कशाला? शाळा काढल्या, १८४२ ला नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केला. खाटेवर कुणी पडून राहिलं नाही."

"आणि टिळकांचं? रेल्वेतलं?" मी काडी टाकली.

ही गोष्ट मावशींची लाडकी. १८९३ साली ना. वा. टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा साहेब भेटला. कवितेवर गप्पा रंगल्या. उतरताना त्यानं नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. साहेब कोण, कुठला, काही कळलं नाही. पण १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झालासुद्धा.

"म्हणजे ठरलेलंच की!"

"ठरलेलं होतं, तर मधली दोन वर्षं तो माणूस एवढा तळमळला कशाला? आणि लक्ष्मीबाईंचं काय? त्यांची तारीख साहेबानं सांगितली होती का?" मावशींचा आवाज चढला. "नवरा बाप्तिस्मा घेऊन मोकळा. बाई मागं, सोवळं सांभाळत, लोकांचं ऐकत. पुढं नवऱ्याजवळ राहायला आली तरी लगेच पाघळली नाही. जातपात देवानं केली की माणसानं, हे तिनं आपल्याच डोक्यानं सोडवलं. कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं हे तिनं आपल्या मनाशी ठरवलं आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. तोही कुठं? इथं, आपल्या राहुरीत! पाच वर्षं लागली तिला. अगं, घडून गेलं की देवाची मर्जी. घडायचं असतं तेव्हा जीव आपलाच टांगणीला."

तेवढ्यात सूनबाई धुणं वाळत घालायला आल्या. माहेर हरेगावकडचं, कॅथलिक. सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. म्हणाल्या, "आई, ह्याच्यावरून तर आमच्यातले धर्मगुरूही भांडलेत. एकीकडं डॉमिनिकन, दुसरीकडं जेझुइट. देवाची कृपा आधी की माणसाची मर्जी, यावर रोममध्ये १५९७ पासून दहा वर्षं खल चालला. शेवटी १६०७ ला पोप पाचवे पॉल म्हणाले, दोघंही आपापलं मत ठेवा, पण एकमेकांना पाखंडी म्हणू नका."

"शहाणा माणूस. सासू-सुनेचा अनुभव असणार," मावशी पुटपुटल्या.

माझं माहेर नेवाशाचं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावची मी, गप्प कशी बसणार? म्हटलं, गीतेच्या अठराव्यात देव सांगतो, मी सगळ्यांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो. आणि एक श्लोक मध्ये जातो न जातो तोच अर्जुनाला म्हणतो, आता विचार कर आणि तुला हवं ते कर!

मावशी एकदम खूश. "अस्सं! आमचा पौल फिलिप्पैकरांना तेच लिहितो. आपलं तारण भीत-कापत साधा म्हणतो आणि लगेच पुढं, कारण तुमच्यात करणारा देवच आहे. दोन्ही गोष्टी एका दमात." मग घराकडं तोंड करून ओरडल्या, "ऐकलंस का रे? ऊठ! फॉर्म भर! निवड करायची ती देव करेल. आधार कार्ड तुलाच स्कॅन करावं लागेल!"

आतून खाट करकरली. मावशींनी पुन्हा सूप उचललं.

मी हळूच शेंगा पदराखाली घेतल्या. म्हटलं, "येते मावशी. देवाच्या कृपेनं आज आमटीची सोय झाली."

"फांदी देवानं वाकवली, कबूल," त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "ओढली तू. वाटीभर आमटी इकडं पाठव."