बिनकामाच्या गणिताची थोरवी

शिरूर-दौंड भागात १०८९ हा आकडा ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. रांजणगाव, कुरकुंभला कारखाने आले आणि एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलू लागली. या आकड्याने कुणाचे बंगले उठले, कुणी गुंठामंत्री झाले, सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढले. आकडा कामाचा आहे, त्यात वादच नाही.

मला थोरवी गायची आहे ती याच आकड्याच्या बिनकामाच्या अंगाची, आणि ती मी मनापासून गाणार आहे.

एक तीन अंकी संख्या घ्या. पहिल्या आणि शेवटच्या अंकात किमान दोनाचा फरक असावा, एवढीच अट. समजा ७३२. ती उलटी करून वजा करा : ७३२ वजा २३७, उरले ४९५. आता हे ४९५ उलटे करून त्यातच मिळवा : ४९५ आणि ५९४. झाले १०८९. दुसरी संख्या घ्या, तिसरी घ्या, शेवटी गुंठाच हाती येतो. पुढे ऐका. ९९ फूट लांब-रुंद चौकोनी तुकडा बरोबर नऊ गुंठ्यांचा. त्याचे चौरस फूट ९८०१, म्हणजे गुंठ्याचाच आकडा उलट्या क्रमाने. त्या ९८०१ चे ९८ आणि ०१ असे दोन भाग करून बेरीज करा, पुन्हा ९९ : बांधाची लांबी. हे कळलं म्हणून जमिनीचा भाव रुपयाने वाढत नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद होत नाही, मोजणीला आलेला माणूसही त्यापायी थांबत नाही. इतकं सुंदर आणि इतकं निरुपयोगी असं दुसरं काही मला या दोन तालुक्यांत ठाऊक नाही.

वर्ग करून, त्याचे दोन भाग करून बेरीज घेतली की परत स्वतःवर येणाऱ्या ९९सारख्या संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्यात फर्ग्युसनला शिकले, आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. विद्यार्थी असताना, १९२७ साली, त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं होतं. इतक्या हुशार माणसाने पुढची पदवी घ्यावी, प्राध्यापक व्हावं, हे शहाणपण झालं. कापरेकर आकडे उलटेसुलटे करत बसले. आपल्या पुस्तिका स्वतःच छापल्या. देशातल्या गणितज्ञांपैकी अनेकांना हा पोरखेळ वाटला.

त्या पोरखेळातून निघालेला आकडा म्हणजे ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. कारखान्याच्या रांगेत उभ्या ऊसगाडीचा नंबर घ्या, समजा ४६५७. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा : ७६५४ वजा ४५६७, ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, ८३५२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८, ६१७४. इथून पुढे हलायचं नाव नाही. ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४च. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक गाडी इथे येऊन थांबते. तीन अंकांत हे स्थान ४९५चं, तेच आपल्याला गुंठ्याच्या वाटेवर मघाशी भेटलेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा देवळालीचे मास्तर जगाला कळले. नोकरीतून निवृत्त होऊन तोवर तेरा वर्षं झाली होती.

मुंबईजवळच्या एका स्टेशनावर त्यांना १२१, १२३२१ अशा संख्या सुचल्या आणि त्या स्टेशनाच्या नावावरून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटलं. गुंठा चौरस वारात मोजला तर बरोबर १२१ भरतो. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे, तेवढा वेळ गाडी उभी. त्या थांब्यात हजारो शहाण्यांनी चहा प्यायला. कापरेकरांच्या जातीचा एक खुळा असता, तर एखाद्या संख्येला दौंडचं नाव लागलं असतं.

उपयोगी गणिताने काय केलं, तेही याच मुलखात दिसतं. १८३०च्या सुमारास प्रिंगल नावाच्या साहेबाने पुणे जिल्ह्याची पाहणी केली. शेताचा मगदूर, पिकाचा भाव, मशागतीचा खर्च असा सगळा हिशेब मांडून निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्याच्या ५५ टक्के सारा बसवला. कागदावर सगळं चोख. रयतेला तो सारा झेपेना. कुळं जमिनी टाकून निघून गेली, शेतं पडीक पडली. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांना दौंडशेजारच्या इंदापुरातून नवा बंदोबस्त सुरू करावा लागला. कापरेकरांच्या वजाबाक्यांनी आजवर एकाही कुणब्याला गाव सोडायला लावलेलं नाही.

आणखी एक खूळ नोंदवतो. थोर गणितज्ञ ऑयलर १७८२ साली म्हणून गेला होता की, ६, १०, १४ अशा बाजूंच्या चौकटींत दोन लॅटिन चौरस, म्हणजे प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक चिन्ह एकदाच येणाऱ्या चौकटी, एकमेकांवर असे बसवताच येत नाहीत की एकही जोडी पुन्हा येऊ नये. ऑयलर म्हणाला म्हणजे संपलं, हे शहाणपण. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे, राजचंद्र बोस आणि पार्कर यांनी १९५९ साली दाखवलं की सहाखेरीज इतर सगळीकडे ऑयलर चुकला होता. न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली.

आपल्याकडच्या पोरांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी गणित घोटून घेतात. घ्यावं, मार्क लागतात. पण वर्गात कधीतरी एखादं पोर पाच अंकी संख्या घेऊन हीच वजाबाकी करत बसलं, तर त्याच्या पाठीवर हात ठेवावा. पाच अंकांना एकच मुक्काम नाही, ते काही ठरावीक संख्यांत गोल गोल फिरत राहतात. सहा अंकांत पुन्हा दोन मुक्काम लागतात, ५४९९४५ आणि ६३१७६४. सात अंकांचं काय होतं, ते त्याला स्वतःला बघू द्यावं, तास संपला तरी.