नॅटची खुर्ची एक

गेल्या पावसाळ्यात नॅट विमानाचं एकास बहात्तर प्रमाणाचं किट परदेशातून मागवलं. किटची जेवढी किंमत, जवळजवळ तेवढेच पैसे टपालाचे आणि कस्टमचे गेले. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत खोकं उघडलं आणि आधी कॉकपिटचे भाग पाहिले. खुर्च्या दोन.

भारतीय हवाई दलाच्या निर्मलजीतसिंग सेखों यांच्या नॅटला खुर्ची एक होती. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली, तेव्हा धावपट्टीवर बाँब पडत असताना त्यांनी उड्डाण केलं आणि लढता लढता ते गेले. हवाई दलाला आजवर मिळालेलं परमवीरचक्र तेवढं एकच. मला ते विमान करायचं होतं. हाती आलं ते शिकाऊ वैमानिकांचं, ब्रिटनच्या रेड ॲरोज या हवाई कसरतपथकाच्या लाल रंगातलं.

मागची खुर्ची पुट्टीनं बुजवून टाक, असं पुष्कळांनी सुचवलं. तसं होत नाही. एका खुर्चीचं नॅट ८.७४ मीटर लांब, पंखांचा पसारा ६.७३ मीटर. दोन खुर्च्यांचं ९.६८ आणि ७.३२. बहात्तरानं भागा: १२१ मिलिमीटरच्या जागी १३४ आणि ९३ च्या जागी १०२. म्हणजे धड कापायचं, पंख कापायचे, सांधे भरायचे आणि पॉलिश पेपरनं घासत बसायचं. मी तेच केलं. दोन महिने लागले.

मग रंग. ठाण्याच्या पावसाळी हवेत लॅकर मारला की थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग ताकासारखा पांढुरका होतो. दोनदा उतरवला. खिडकी उघडावी तर खालच्या रिक्षांची धूळ ओल्या रंगावर बसते, लावावी तर वास घरभर. हवा कोरडी होते ती नवरात्राच्या सुमारास, आणि नेमकी तेव्हाच टेंभी नाक्यावरच्या देवीला गर्दी लोटते. आमचं घर रस्त्यावर, त्यामुळे पाहुण्यांचा मुक्काम गॅलरीत.

त्यातल्याच एका मुलानं विमान उचललं आणि खोलीभर फिरवलं. मुलाचा राग नाही, विमान दिसलं की हात जाणारच. चाकाजवळचं झाकण तुटून पडलं. नॅटमध्ये या झाकणांना दुहेरी काम होतं. चाकं झाकायची, आणि हवेत वेग कमी करायचा असला की थोडी खाली उतरून ब्रेक व्हायचं. नखाएवढा राखाडी तुकडा मोझॅकच्या राखाडी फरशीवर पडला. बॅटरी जमिनीलगत आडवी धरून तासभर शोधला, सापडला नाही. मुलाचे वडील म्हणाले, "अहो, खेळणंच आहे, दुसरं आणा." या वाक्यानं मला झाकणापेक्षा जास्त त्रास झाला. जुन्या प्लास्टिकच्या डब्याचा तुकडा कापून नवं झाकण केलं, ते आजही बाजूच्या झाकणापेक्षा जरा जाड दिसतं.

सगळ्यात जास्त सलतं ते हवाई दलाचं चिन्ह. खोक्यात ब्रिटिश चक्रं होती, मध्ये लाल असलेली. आपलं चक्र बाहेर केशरी, मग पांढरं, आत हिरवं. ते कंपासनं आखून हातानं रंगवावं लागलं. अर्धा मिलिमीटर हात सरकला तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटरची चूक होते. पाचव्या खेपेला जमलं. जी विमानं बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये परवान्यानं बनली, त्यांच्यावरचं आपलंच चिन्ह आपल्यालाच असं काढत बसावं लागतं.

एका खुर्चीच्या नॅटची किट बाहेर निघालेली आहेत, पण माझ्या ओळखीच्या एकाही दुकानात मला ती मिळाली नाहीत. मापं घ्यायला खरं नॅट दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. प्लास्टिकचे साचे करणारे कारागीर आपल्या वागळे इस्टेटीत आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी हे मनावर घ्यावं: एका खुर्चीचं नॅट काढावं, चक्रं केशरी, पांढरी, हिरवी नीट छापून द्यावीत आणि खोक्यात चाकाची झाकणं दोन जास्त टाकावीत. पहिली दोन खोकी मी घेईन, पैसे आगाऊ.